चित्रातल्या पक्ष्याची उलटतपासणी

खान्देशात पक्षी पाहणारे वाढले, तशी जुन्या पक्षिचित्रांची हौसही वाढली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी ग्रंथांमधली, एकेक प्रत हाताने रंगवलेली ही चित्रं. इंटरनेटवरून स्कॅन उतरवायचा, जळगावात नाहीतर धुळ्यात मोठी प्रिंट काढायची, सोनेरी चौकट करायची आणि लावायची. घराच्या बैठकीत कुणी काय लावावं हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. पण तेच चित्र वाचनालयाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लावायची गोष्ट निघाली, की वादाला तोंड फुटतं. एक बाजू म्हणते, बंदूक घेऊन फिरलेल्या साहेबांची ही चित्रं, ती आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढे कशाला? दुसरी म्हणते, कलेत राजकारण आणू नका, रंग तरी पाहा किती देखणे आहेत. तिसरी बाजू सगळ्यांत व्यवहारी. ती अहिराणीत एकच प्रश्न टाकते, 'हाई काय कामनं शे?' हातातल्या मोबाइलमध्ये खंड्याचं पीस न् पीस दिसतं, मग दीडशे वर्षांपूर्वीचं अर्धवट चुकीचं चित्र हवंय कुणाला?

मला हा वाद तिन्ही बाजूंनी कच्चा वाटतो. विरोध करणारा आणि कौतुक करणारा दोघेही चित्राला शोभेची वस्तू धरून चालतात. एकाला ती शोभा टोचते, दुसऱ्याला भुलवते, इतकाच फरक. तिसऱ्याने तर तिची उपयुक्तता फोटोच्या फूटपट्टीने मोजून टाकली. माझं म्हणणं असं, की ही चित्रं साक्षीपुरावा आहेत आणि त्यांना पुराव्यासारखंच वागवलं पाहिजे. साक्षीदार आवडतो की नाही, हे कोर्टात कुणी विचारत नाही. त्याने काय डोळ्यांनी पाहिलं, काय ऐकीव सांगतोय, कुणाचं मीठ खाऊन बोलतोय आणि कुठे घसरतोय, हे विचारतात. म्हणून ही चित्रं सार्वजनिक भिंतीवर जरूर यावीत. पण सोबतच्या मजकुरासह, चित्रकाराच्या नावासह (नाव माहीत नसेल तर तसं लिहून) आणि चित्रातल्या चुका दाखवून. आणि मूळ जुनी पानं मात्र कुणीच चौकटीत घालू नयेत. ते का, ते पुढे येईल.

आधी ही चित्रं कशी व्हायची ते पाहू, कारण निम्मा वाद ते माहीत नसल्यामुळे होतो. पक्षी मारला जायचा. त्याची कातडी सोलून, आत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधून ती पेटीत जायची. मग महिन्यांनी, कधी वर्षांनी, हजारो मैलांवर बसलेला चित्रकार त्या कातडीवरून पक्षी 'जिवंत' करायचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून किंवा, १८३० च्या आगेमागे, दगडावर तेलकट खडूने रेखाटून काळा छाप काढायचा. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्डच्या हिमालयातल्या पक्ष्यांच्या ग्रंथातली ८० चित्रं अशीच शिळाछापाची आहेत आणि ती दगडावर उतरवली त्याच्या बायकोने, एलिझाबेथने. पुढे आशियातल्या पक्ष्यांचा गूल्डचा ग्रंथ १८५० ला सुरू होऊन त्याच्या मरणानंतर, १८८३ ला पुरा झाला. त्यातली ५३० चित्रं वेगवेगळ्या हातांची. काळा छाप निघाला की एक नमुन्याची प्रत रंगवली जायची आणि ती समोर ठेवून रंगारी बाकीच्या प्रती जलरंगात रंगवत बसायचे. चमक आणायला डिंकाचा हात, गुंजनपक्ष्यांच्या गळ्याला सोन्याचा वर्ख. म्हणजे 'एक चित्र' असं म्हणतो तेव्हा शेकडो प्रती असतात आणि दोन प्रतींचा निळा रंग तंतोतंत जुळेलच असं नाही. एखाद्या जातीच्या रंगावरून वाद घालताना समोर कुठली प्रत आहे, हे कुणी विचारतं का?

आता विरोधी पक्षाचं सगळ्यांत बळकट म्हणणं घेऊ. ही चित्रं साम्राज्याच्या छायेत तयार झाली, हे खरंच आहे आणि ते मवाळ करून सांगण्यात अर्थ नाही. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्याला आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो, त्याने १८८५ मध्येच आपला पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. कातडी आणि अंडी धरून तो ८०,००० च्या घरात जात होता. इतके जीव एका माणसाच्या कपाटांत. ते मारायला, सोलायला, घरटी दाखवायला रानात जी माणसं सोबत होती, त्यांची नावं फार क्वचित येतात. आली तरी 'माझा शिकारी', 'एक भिल्ल' एवढीच. चित्रकारांचंही तेच. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या मेजर जनरल हार्डविकने हिंदुस्थानातल्या चित्रकारांकडून हजारो प्राणिचित्रं काढून घेतली, त्यांतली निवडक १८३० ते १८३५ च्या दरम्यान लंडनमध्ये छापली गेली, ग्रंथावर नावं हार्डविक आणि ब्रिटिश म्युझियमचा प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांची. ज्यांनी कुंचला धरला ते कोण, कुठल्या गावचे, रोज काय मिळायचं, याचा पत्ता नाही. संताप यायलाच हवा.

पण संताप आल्यावर करायचं काय? चित्रं उतरवून अडगळीत टाकली, तर त्या निनावी चित्रकारांवर अन्याय दूर होतो, की पुरा होतो? आणि सगळेच चित्रकार निनावी नव्हते. कलकत्त्याच्या सरन्यायाधीशाची बायको लेडी मेरी इम्पे हिने १७७७ ते १७८२ च्या काळात तीन चित्रकारांकडून तिच्याकडचे पशुपक्षी रंगवून घेतले. शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास, तिघेही पाटण्याचे. या चित्रांवर त्यांची नावं आहेत. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथमने हिंदुस्थानातल्या काही पक्ष्यांची वर्णनं अशा चित्रांवरूनच केली. पक्षी त्याने पाहिले नव्हते. म्हणजे युरोपच्या शास्त्राने जिला प्रमाण मानलं, ती नजर पाटण्याच्या माणसाची होती. भवानी दासने रंगवलेलं गुलाबी डोक्याचं बदक आज जगात कुठे आहे का, हे कुणालाच ठाऊक नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची खात्रीची नोंद नाही. 'साहेबाचं चित्र' म्हणून हे झाकून ठेवायचं, तर आपण भवानी दासलाच झाकतो आहोत. साहेबाला त्याचा काय फरक पडणार?

शिवाय नाव पुसलं जाणं ही फक्त गोऱ्या-काळ्याची गोष्ट नव्हती, हे आपल्या बाजूचे लोक सोयीस्कर विसरतात. गूल्डच्या चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत रेखाटणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असतं. दिवसभर मान मोडून शेकडो प्रतींत तोच हिरवा, तोच तांबडा भरणाऱ्या लंडनच्या कारखान्यातल्या माणसांचं नसतं. त्यांत बायाही होत्या, पोरीही होत्या. हार्डविकचा निनावी चित्रकार आणि लंडनची रंगारीण एकाच रेघेखाली गाडली गेली. ती रेघ मालक आणि मजूर यांच्यामधली. हे ध्यानात घेतलं तर चित्राकडे पाहताना येणारा राग कमी होणार नाही, उलट तो नेमका होईल.

आणि परक्याच्या, अगदी शत्रूच्याही कागदाचं काय करायचं, हा प्रश्न मराठी माणसाने फार पूर्वीच सोडवलेला आहे. सतराव्या शतकात इंग्रजांची एक वखार आपल्या धरणगावात होती आणि ती शिवाजी महाराजांच्या फौजेने लुटली. सुरत, धरणगाव, राजापूर इथल्या वखारवाल्यांना महाराजांबद्दल प्रेम असण्याचं काहीच कारण नव्हतं. तरी त्यांची पत्रं शिवकालाच्या अभ्यासकाने बाजूला टाकली का? उलट तारखा, रकमा, हालचाली जुळवायला तीच घेतली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर आयुष्य याच कामात घालवलं. गावोगाव फिरून माळ्यावरची दप्तरं गोळा केली, बखरीतल्या सांगीव मजकुरावर कोरडे ओढले आणि अस्सल कागदाला तपासून प्रमाण मानायला शिकवलं. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. ज्या शहरात राजवाडे वारले त्या शहरात 'परक्याचा कागद नको' असा युक्तिवाद कुणी करावा, हे मला जरा विचित्र वाटतं. (ह्यूमचंही एक दप्तर होतं. पंचवीस वर्षं जमवलेली पक्ष्यांची हस्तलिखितं त्याच्या नोकराने सिमल्याच्या बाजारात रद्दीत विकून टाकली. त्यानंतर त्याचं मन उडालं आणि संग्रह देऊन तो मोकळा झाला. रद्दीवाल्याने इतिहास गिळल्याच्या गोष्टी आपल्याकडे वाड्यावाड्यात आहेत, ही सिमल्याची.)

दुसरा आक्षेप चुकांचा. हा मला पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण तो मांडणारे सहसा पक्षी खरोखर पाहणारे असतात. चित्रातला पक्षी ताठ काठीसारखा बसलेला, फांदी भलत्याच झाडाची, पायांचा रंग चुकलेला. बरोबर आहे. मेल्यावर पक्ष्याच्या पिसांचा रंग बराच टिकतो. डोळ्याचं बुबुळ, चोच, पाय यांचा रंग लवकर उडतो. म्हणून चांगला संग्राहक पक्षी पडल्यापडल्या बुबुळाचा रंग चिठ्ठीवर लिहायचा. आळशी संग्राहक लिहायचा नाही आणि मग चित्रकार अंदाजाने रंग भरायचा. डोळा चुकलेला असेल तर चित्रकाराने जिवंत पक्षी पाहिलेला नाही आणि चिठ्ठीही अपुरी होती, हे कळतं. चूक ही इथे माहिती आहे. कागदाचंही तसंच. पांढऱ्यासाठी वापरलेला शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकाने काळवंडतो, म्हणून पोटाशी पांढरा असलेला पक्षी जुन्या पानावर मळका दिसतो. किरमिजी रंग उजेडात फिका पडतो. हे ज्याला ठाऊक नाही तो चित्रावरून जातीबद्दल भलतेच निष्कर्ष काढेल. ज्याला ठाऊक आहे तो मळक्या पोटातून मूळचा पांढरा वाचेल.

चुकीतून किती वाचता येतं, याचं जुनं उदाहरण न्यू गिनीच्या नंदनपक्ष्यांचं. तिथले लोक व्यापारासाठी कातडी तयार करताना पाय काढून टाकत. युरोपात पोचलेल्या कातड्यांना पायच नाहीत, तेव्हा हा पक्षी जमिनीवर उतरतच नाही, जन्मभर हवेत तरंगतो, अशी समजूत झाली आणि चित्रंही बिनपायांची निघाली. १७५८ मध्ये जीवजातींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्यातल्या एका जातीला शास्त्रीय नावच 'बिनपायांचा' असं दिलं. चित्रकार खोटारडे होते का? त्यांनी समोर होतं ते इमानाने काढलं. ते चित्र पक्ष्याबद्दल चुकीचं आणि व्यापाराबद्दल अगदी खरं आहे. उलट उदाहरण डोडोचं. युरोपातल्या प्रसिद्ध चित्रांत तो गलेलठ्ठ, हास्यास्पद आहे. जहाजावर आणि पिंजऱ्यात खाऊ घालून फुगवलेले पक्षी किंवा एकमेकांची चित्रं पाहून काढलेली चित्रं, असा त्याचा हिशेब लावतात. पण जहांगिराचा चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या नावावर सांगितलं जाणारं, आज सेंट पीटर्सबर्गमध्ये असलेलं डोडोचं चित्र त्यामानाने सडसडीत आहे आणि रंगाच्या बाबतीत सर्वांत विश्वासार्ह चित्रांत ते धरलं जातं. त्या सुमाराला पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. हाच मंडी १६३० च्या भीषण दुष्काळात सुरतेहून नंदुरबार, बऱ्हाणपूर करत आग्र्याला गेला. आपल्या रस्त्यावरून गेलेल्या माणसाने डोडो पाहिला होता. तो रस्ता आजही आहे, पक्षी त्याच शतकात संपला. मूळ कातडी जवळपास उरलेली नाही. मग चित्राला खोटं म्हणून फेकून द्यायचं, की दोन चित्रं समोरासमोर उभी करून विचारायचं, की तुमच्यातलं कोण खरं बोलतंय?

साक्ष तपासली की काय हाती लागतं, हे खान्देशाइतकं कुणी अनुभवलेलं नाही. वनपिंगळ्याची, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाची, हकिकत आता आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे, पण तिच्यातला मुद्दा बहुतेकांच्या हातून निसटतो. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या माणसाने आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात एक पिंगळा मारला; पुढच्या वर्षी ह्यूमने त्याचं वर्णन करून ब्लेविटचं नाव त्याला दिलं. त्यानंतर सगळ्या जगात मिळून नमुने झाले फक्त सात. त्यांतले बरेच खान्देशातले, जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने जमवलेले. पश्चिम खान्देशच्या पक्ष्यांची यादी करून ठेवणारा तो हाच. १८८४ नंतर काही नाही. मग एक नमुना पुढे आला, कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन याने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला मिळवल्याचा दावा असलेला. मोठा माणूस, मोठी कीर्ती. सालिम अलींसह अनेकांनी हा पक्षी शोधला, सापडला नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. कातडी पुन्हा उसवून भरलेली होती, पण आधीच्या हाताच्या खुणा राहिल्या होत्या आणि तो हात डेव्हिडसनचा होता. कर्नलसाहेबांनी म्युझियमातून नमुना उचलून, चिठ्ठी बदलून आपल्या नावावर केला होता. मांडवी खोटी, १९१४ खोटं. मग उरलं काय? खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं. त्यांच्या मागावर जाऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ दिवसाढवळ्या झाडावर बसलेला वनपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

ही गोष्ट कातडीची आहे, चित्राची नाही, असं कुणी म्हणेल तर मला मान्य. पण तिच्यात चालवलेली बुद्धी तीच आहे. चिठ्ठी खोटी निघाली म्हणून रासमुसेन यांनी सगळा संग्रह 'साहेबांची लबाडी' म्हणून निकालात काढला असता, तर वनपिंगळा शहाद्याच्या रानात असूनही जगाच्या लेखी मेलेलाच राहिला असता. आणि कर्नलच्या कीर्तीला दिपून चिठ्ठी खरी धरली असती, तर लोक अजून मांडवीला दुर्बिणी रोखून बसले असते. आंधळा राग आणि आंधळं कौतुक, दोघांचाही शेवट रिकाम्या हातानेच झाला असता. आज तळोदा, तोरणमाळ, यावल, मेळघाट, ठाण्याकडचं तानसा अशा ठिकाणी त्याच्या नोंदी आहेत. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याचा धोक्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून एक पायरी खाली आला, तो या नव्या नोंदींमुळेच.

आता फोटोवाल्यांकडे येतो. फोटो उत्तम आहे. वर्तन, घरटं, एका विशिष्ट पक्ष्याची विशिष्ट वेळची नोंद यांत त्याला तोड नाही. पण मग एक कोडं सोडवून द्या. पक्षी ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी बहुतेक नावाजलेली मार्गदर्शक पुस्तकं आजही हाताने काढलेल्या चित्रांवर का उभी आहेत? ज्या रासमुसेन यांनी वनपिंगळा शोधला, त्यांनीच पुढे दक्षिण आशियातल्या पक्ष्यांचं जे मोठं पुस्तक २००५ मध्ये काढलं, त्यातही चित्रंच आहेत. कारण साधं आहे. फोटो एका पक्ष्याचा असतो, चित्र जातीचं असतं. वनपिंगळा आणि साधा ठिपकेवाला पिंगळा यांच्यात फरक कुठे? वनपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतात, छाती सलग तपकिरी, पंख-शेपटीवर ठळक पट्टे, पाय दाट पिसांचे, नख्या आणि चोच मोठी. उन्हात काढलेल्या एका फोटोत डोकं दिसतं तर छाती सावलीत जाते, पट्टे दिसतात तर पाय पानाआड. चित्रकार चार-पाच नमुने पाहून हे सगळं एकाच पक्ष्यात, एकाच उजेडात, एकाच बाजूने मांडतो आणि शेजारी दुसरा पिंगळा त्याच पवित्र्यात बसवतो. तुलना करायची सोय चित्रात आहे. जातीचं चित्र काढायची ही जुनी पद्धत कॅमेऱ्याने मोडीत काढलेली नाही.

नकलेच्या बाबतीत तर आपल्या उंबऱ्यावरच धडा आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून घ्यायला कॅप्टन रॉबर्ट गिल १८४४ च्या सुमारास आला आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच राहिला. पारो आणि गिल यांच्या प्रेमाची गोष्ट खान्देशात पोराटोरांना ठाऊक असते. त्याच्या चित्रांचं काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या मोठ्या नकला १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. १८७९ मध्ये तो वारला, भुसावळला त्याची कबर आहे. मग जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. वर, नक्कल नीट दिसावी म्हणून भिंतीवर फासलेल्या वार्निशने मूळ चित्रांचं नुकसान केलं, हे वेगळंच. म्हणजे इथेही साहेबाचा हात निर्मळ नव्हता. तरीही ग्रिफिथ्सच्या ज्या नकला उरल्या, त्यांच्यातला एखादा हात, एखादा चेहरा, हंसाची एखादी रांग आज भिंतीवर पुसट झालेली असेल, तर अभ्यासक कशाकडे वळतो? ज्याने नुकसान केलं त्याचीच नक्कल पाहावी लागते. ही परिस्थिती सुखाची नाही, पण ती आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरवून भिंतीवरचा रंग परत येत नाही.

कौतुक करणाऱ्यांना मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. कारण या चित्रांचं प्रत्यक्ष नुकसान विरोधकांनी कमी आणि चाहत्यांनी जास्त केलं आहे. ऑड्युबॉनचा अमेरिकेतल्या पक्ष्यांचा अवाढव्य ग्रंथ घ्या, १८२७ ते १८३८ मध्ये निघालेला, ४३५ चित्रांचा. पुरे संच २०० च्या आतबाहेर निघाले. आज त्यांतले १२० च्या आसपास शाबूत आहेत. बाकीच्या कित्येकांची पानं सुटी करून विकली गेली, कारण पुरा ग्रंथ एकालाच विकता येतो आणि सुटं पान चारशे जणांना. २०१० मध्ये एक शाबूत संच लंडनमध्ये ७३ लाख पौंडांना गेला, तरी पानं फाडण्याचा धंदा थांबत नाही. पान फाटलं की मजकूर जातो आणि मजकूर गेला की पक्षी कुठला, कुणी मारला, कुठल्या महिन्यात, नर की मादी, हे सगळं जातं. सातबारा फाडून फेकायचा आणि शेताचा नकाशा तेवढा भिंतीला चिकटवायचा, असला हा प्रकार. त्यात आपल्याकडचं ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीशी ओलांडतो. अशा गावात मूळ हाताने रंगवलेलं पान पश्चिमेच्या भिंतीवर लावणं म्हणजे किरमिजी रंगाला निरोप देणं आहे. मिटलेल्या पुस्तकात ही चित्रं दोनशे वर्षं टिकली, ती उजेड लागला नाही म्हणून. म्हणून म्हणतो, भिंतीवर प्रिंट लावा, मूळ पान विकत घेऊ नका. सार्वजनिक पैशाने तर मुळीच नको; सुट्या पानाला गिऱ्हाईक मिळालं की पुढचं पुस्तक फाटतं.

पैशाचा शेवटचा आक्षेप तळोद्याकडच्या एका कार्यकर्त्याने काढला होता आणि तो मनाला लागण्यासारखा होता. रान तुटतंय, अतिक्रमणं आहेत, जादूटोण्यापायी घुबडं-पिंगळे मारले जातात आणि तुम्ही चित्रांच्या चौकटी करत बसलात? सातपुड्यातलं साग-सालईचं रान आणि कुठलंही चित्र यांत निवड करायची वेळ आली, तर मी विचार न करता रान निवडीन. पण तशी निवड कुणी समोर ठेवलेली नाही. गूल्ड, हार्डविक आणि भारतातल्या पक्ष्यांवर लिहिणारा जर्डन यांच्या ग्रंथांचे स्कॅन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या इंटरनेटवरच्या ग्रंथालयासारख्या ठिकाणी फुकट आहेत. लागतो तो छपाईचा खर्च आणि दोन माणसांचं डोकं. आणि पिंगळा अशुभ म्हणून दगड मारणाऱ्या पोराला 'हा दुर्मिळ आहे' असं सांगून किती फरक पडतो, हे त्या कार्यकर्त्यालाही ठाऊक आहे. त्या पोरालाच जर साध्या पिंगळ्याचं आणि वनपिंगळ्याचं चित्र शेजारी शेजारी दाखवून 'यातला आपल्या रानातला कोणता, सांग' असं विचारलं, तर पोरगं रानात जाऊन बघून येतं. निदान काही पोरं तरी.

तेव्हा शाळेत किंवा वाचनालयात चित्र लावायचंच असेल, तर त्याखाली दोन ओळींचं गोंडस शीर्षक नको. पक्ष्याचं स्थानिक नाव लिहा, भिलोरीत, पावरीत, अहिराणीत काय म्हणतात ते गावातल्या जाणत्याला विचारून. कातडीवरून काढलं की जिवंत पाहून, ते लिहा. कोणी रेखाटलं, कोणी रंगवलं. जिथे माहीत नाही तिथे 'रंगवणाऱ्याचं नाव नोंदलेलं नाही' असं स्पष्ट लिहा, तेवढी जागा रिकामी सोडू नका. डोळ्याचा, पायाचा, बसण्याचा ढंग चुकला असेल तर बाण काढून दाखवा. आणि शहादा, तळोदा, नंदुरबारच्या महाविद्यालयांनी डेव्हिडसनची पश्चिम खान्देशची यादी छापून त्याच भिंतीवर, चित्रांच्या शेजारी लावावी. प्रत्येक नावापुढे एक रकाना मोकळा ठेवावा, यंदाच्या हंगामात तो पक्षी कुठल्या शिवारात दिसला ते लिहायला. दिसला नसेल तर तेही तारखेसह लिहावं.